बाबांचा अर्धवट डाव

इथले भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर एकावरही कधी विश्वास ठेवला नव्हता. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. प्रत्येक गोष्टीचा संदर्भ कुठेतरी सापडतोच, असं वाटायचं...

आमचं घर तुमसरकडच्या शहापूरला, हायवेला लागून. बाबा तुमसरच्या एका राईस मिलमध्ये मुनीम होते. रिटायर झाल्यावर रोज दुपारी कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचे — विंडोज सेव्हनमधला सॉलिटेअर. माऊसने पत्ता उचलायचा, अधांतरी दोनदा हलवायचा, मग ठेवायचा. शेजारी बसलेली आई वैतागायची, "ठेवा न जी आता! एवढा विचार त लग्नाच्या टायमालेबी नाही केला!"

यंदा बाबा गेले. पाठोपाठ तो कॉम्प्युटरही बंद पडला. मी नवा आणला, पण त्यातले पत्ते आईला नको होते. "मले तोच खेळ लावून दे," म्हणाली.

नव्या मशीनवर सेव्हन चढेना. सेटअप सुरू झाला की कीबोर्ड-माऊस बंद. नव्या यूएसबी पोर्टचे ड्रायव्हर, म्हणजे ते पोर्ट चालवणारं सॉफ्टवेअर, त्या जुन्या विंडोजमध्ये नसतातच. शेवटी नव्या मशीनची हार्ड डिस्क मित्राच्या जुन्या पीसीला लावून तिथे इन्स्टॉल केलं आणि घरी आणून बसवली. डेस्कटॉप आला, माऊस ढिम्म. ड्रायव्हर पेनड्राइव्हवर होते, पण तोही त्याच पोर्टला लागणार! वैतागून मी माऊस उपटून बाजूला ठेवला.

...आणि स्क्रीनवरचा बाण हलला.

सॉलिटेअर उघडला. एकेक पत्ता जागेवर जाऊ लागला. बदामची नव्वी उचलली गेली, अधांतरी थांबली, दोनदा हलली.

"ठेवा न जी आता," मागून आई म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

नव्वी ठेवली गेली.

डाव सुटत आला होता. फक्त राजे उरले होते — आणि मी पॉवरचं बटण दाबून धरलं. भीतीने. दुसरं काही कारण नव्हतं.

आई रागावली नाही. "पुरा होऊ द्याचा होता न बेटा," एवढंच म्हणाली. "जिंकून राह्यले होते ते."

पुढे डिस्क पुन्हा मित्राकडे नेऊन ड्रायव्हर बसवले. आता सगळं चालतं. मित्र म्हणतो, स्टॅटिकने, म्हणजे स्थिर विजेने, बाण हलतो कधीकधी. हलत असेल. पण पत्ता उचलून दोनदा हलवेल?

आई स्वतः खेळत नाही. दुपारी मला डाव मांडायला लावते, मग माऊस काढून घ्यायला सांगते. आम्ही दोघं समोर बसतो. पत्ते हलत नाहीत.

पॉवरच्या बटणाच्या बाजूला मात्र आता ती बसते.