बालाघाटातली ऑक्टोपसची पिल्लं

आमच्या बालाघाटात अर्ध्या लोकांनी समुद्र पाहिलेलाच नाही, आणि मी घरात ऑक्टोपस पाळायला निघाले होते. शाळेतल्या बाकीच्या मास्तरणी म्हणाल्या, रिकामपणचे उद्योग. म्हणोत बापड्या. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी, दोघंच. बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. भिंतीऐवजी निदान काचेकडे पाहतील, म्हणून ही टाकी आणि पाकिटातल्या मिठाचा समुद्र.

नागपूरच्या दुकानदाराने दिलेली मादी मुठीत मावेल एवढी होती, आणि ती अंड्यांवर आलेली निघाली. दगडाच्या कपारीत तिने अंड्यांचे घोस लटकवले आणि खाणं सोडून त्यांच्यावर पाणी फुंकत बसली. दुकानदार फोनवर म्हणाला, पिल्लं निघाली की ही मरणार, आणि पिल्लंही घरच्या टाकीत जगत नाहीत, भल्याभल्यांनी हात टेकलेत. मी हे बाबांना सांगितलं नाही, कारण बाबा उठून बसले होते.

स्टूल ओढून ते टाकीपुढे बसायचे.

"काहून खात नाही वं हे?"

"पोरांसाठी, बाबा."

"असं," म्हणाले आणि स्टूल आणखी पुढे ओढलं.

पिल्लं निघाली तशी मादी मेली. बाबांनीच तिला अंगणात कढीपत्त्याखाली पुरलं.

पिल्लं तांदळाच्या कणीएवढी, आरपार दिसणारी. त्यांना खाणं जिवंतच लागतं. उलट्या बाटलीत मिठाच्या पाण्यात हवा सोडून मी बारीक कोळंबीची अंडी उबवायचे, आणि बाबा त्यातून निघालेले जीव ड्रॉपरने थेंब थेंब पिल्लांपुढे सोडायचे. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत जन्मभर डंपर चालवलेला माणूस, आता श्वास रोखून थेंब सोडत होता. तरी रोज सकाळी तळाशी काही पिल्लं पांढरी पडलेली असायची. "आज बी गेले," म्हणून बाबा उरलेल्यांना भरवायला बसायचे. मी देवाला शिव्या घालत म्हणायचे, एक तरी जगू दे मेल्या. एक जगलं तर माझा बाप पुन्हा भिंतीकडे वळणार नाही.

मे महिन्यात टाकीतलं पाणी भराभर आटतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज वरून फिल्टरचं गोडं पाणी घालावं लागतं. त्या दिवशी मी एका लग्नाला कटंगीला गेले होते. संध्याकाळी परतले तर टाकी काठोकाठ भरलेली आणि बाबांचा चेहरा कधी नव्हे तो खुललेला. पाण्यात एकही पिल्लू हलत नव्हतं.

"हळू बोल, झोपले वाटते," बाबा म्हणाले. "लाइन गेलती, फिल्टर बंद. तसं बी तुया फिल्टरच्या पान्यात काही जीव नसते, म्हनून मरून राह्यले होते. तुया आईची घागर चिंचेनं घासली, पानी भरून ठेवलं, तेच टाकलं. तांब्याचं पानी. कोनाले बाधत नाही."

मला ती घागर उचलून अंगणात आदळावीशी वाटली. आमच्या घरी आल्यागेल्याला त्याच घागरीतलं पाणी देतात, बाळंतिणीलाही तेच. पण या जीवांना तांब्याचा अंशही विष आहे. ओरडायला तोंड उघडलं, आणि बाबा माझ्याकडे पाहत होते, शाबासकी मिळेल म्हणून.

"झोपले नाहीत, बाबा. गेले." रडू आवरत नव्हतं. "ही जात घरी जगतच नाही. दुकानदाराने आधीच सांगितलं होतं."

बाबा काचेला नाक लावून पाहत राहिले. मीही पाहत राहिले. तांबं आता तिथल्या वाळूत आणि दगडांत मुरणार होतं. पाणी कितीही बदललं तरी या टाकीत असलं काही जगण्याची आशा नव्हती, आणि दुसरी टाकी घेऊन त्यांना काय कारण सांगणार होते मी?

"जगते कसे नाही?" बाबा शेवटी म्हणाले. "आपल्याले उशीर झाला, बाई. पुढच्या टायमाले पयल्या दिवसापासून घागरीतलंच देऊ. तू मागव."

मी हौ म्हटलं.