खंडेनवमीची दुनळी

माझ्या नवऱ्याला पोलिसांनी गाडी थांबवलेली आवडायची. मागे निळा दिवा चमकला की इतरांचे चेहरे उतरतात. यांच्या चेहऱ्यावर पेपर सोपा निघाल्याचं तेज यायचं. ब्रिस्टलच्या बाहेर, रविवारी सकाळी, डिकीत त्यांची दुनळी बंदूक कव्हरात घालून आम्ही क्लबकडे निघालेलो असायचो. तिथे मातीच्या चकत्या हवेत सोडतात आणि लोक त्या गोळी झाडून फोडतात. म्हणजे हे फोडायचे, मी थर्मास सांभाळत बसायचे.

"तू तोंड उघडायचं नाहीस," काच खाली करण्याआधी ते मला बजावायचे. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून घोटलेल्या इंग्रजीत सुरू. मला का थांबवलंत हे विचारायचा मला हक्क आहे. डिकीत बंदूक आहे. परवाना मागायचा तुम्हाला अधिकार आहे आणि हा माझा परवाना. प्लॅस्टिकच्या पाकिटातून तो ते असा अलगद काढायचे की आमच्या लग्नाच्या अल्बमला तसा हात कधी लागला नसेल. कोवळा पोलीस तो उलटसुलट बघून "थँक यू, सर" म्हणायचा आणि त्या एका 'सर'वर यांचा आठवडा निघायचा. विमानांचे भाग बनवणाऱ्या त्यांच्या कंपनीत त्यांना कुणी सर म्हणत नव्हतं. नावसुद्धा धड घेत नव्हतं.

परवाना काही सहज मिळाला नव्हता. पोलिसांनी डॉक्टरला विचारलं, याला कधी नैराश्य होतं का, दारूचं व्यसन होतं का. ओळखीच्या एका गोऱ्या माणसानं लिहून दिलं की गृहस्थ सज्जन आहे. मग एक अधिकारी घरी आला आणि बंदुकीचं लोखंडी कपाट भिंतीत पक्कं बसवलंय का, हे हलवून पाहून गेला. मला बाजूला घेऊन त्यानं विचारलं, घरात भांडणं होतात का? मी नाही म्हटलं. खोटं नव्हतं ते. भांडायला दोघं लागतात, आमच्याकडे एकच बोलायचा. माझं लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी यांच्याबद्दल याच्या निम्मीही चौकशी केली नव्हती.

पण यांचा खरा जीव होता तो किल्लीच्या नियमात. कपाटाची किल्ली परवाना असलेल्या माणसाशिवाय कुणाच्या हाती लागता कामा नये. ती कुठे ठेवलीय हेही कुणाला ठाऊक असता कामा नये. "बायकोलासुद्धा!" हे ते असं घोळवून म्हणायचे की जणू त्या एका शब्दासाठी पार्लमेंट बसलं होतं. पाहुणे आले की खेळ ठरलेला. "विचारा हिला, किल्ली कुठंय? सांग ना ग." मी म्हणायचे, मला नाही माहीत. सगळे हसायचे, मीही हसायचे. इतकी वर्षं त्या घरात मी माळ्यावरचं खोकं यांना विचारल्याशिवाय उघडलं नाही, का तर किल्ली चुकून सापडली आणि यांचा परवाना गेला तर? मूर्ख होते मी, दुसरं काय.

परवान्याचं नूतनीकरण आलं तेव्हा सासूबाई नागपूरहून आमच्याकडे आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, शाळा सुटली पण छडी सुटली नाही. माझी पोळी हातात धरून त्या उजेडात बघायच्या. "नकाशा छान काढला बाप्पा. कोणता देश म्हणायचा हा?" आणि हे खो खो हसायचे. अधिकारी दुपारी येणार होता आणि हे ऑफिसातून तेवढ्यापुरते घरी यायचे होते. त्या दिवशी तिथी कोणती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. सासूबाईंना होतं.

मी वरच्या खोलीत हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. बेल वाजली ती उशिराच ऐकू आली. खाली आले तर सासूबाईंनी दार उघडून अधिकाऱ्याला आत घेतलेलं. पुढच्या खोलीत चौरंग मांडला होता. चौरंगावर माझी ब्रेडची सुरी, कात्री, यांचं ड्रिल मशीन आणि मधोमध ती दुनळी. दस्त्यावर कुंकवाची बोटं, नळ्यांवर झेंडूची माळ, पुढे निरांजन. सासूबाई नऊवारी नेसल्या होत्या. अधिकारी, पिकल्या केसांचा सभ्य माणूस, हातात शिऱ्याची वाटी घेऊन बंदुकीकडे बघत उभा होता.

त्यानं वाटी टीपॉयवर ठेवली, बंदूक उचलली, उघडून रिकामी असल्याची खात्री केली. तेवढ्यात हे आले. दारातच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, काय करून बसलीस हे!"

"काय म्हणजे? खंडेनवमीला शस्त्र कोंडून ठेवतात का कुणी?"

अधिकाऱ्यानं हात वर केला. त्याला सासूबाईंकडूनच ऐकायचं होतं. हे म्हणाले, मी भाषांतर करतो. तो म्हणाला, "तुम्ही नको, सर. मॅडम करतील."

मी केलं. कपाट कुणी उघडलं? सासूबाई म्हणाल्या, मीच, दुसरं कोण. किल्ली कशी मिळाली? यावर सासूबाईंचा चेहरा असा फुलला की मला आजही तो डोळ्यांसमोरून हलवता येत नाही. "शोधायला कशाला लागते? माझ्या लेकानंच दाखवली, मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा. म्हणाला, आई, माझं काही बरंवाईट झालं तर तुला माहीत असलेलं बरं. हिचा काय भरवसा?"

मला कानफटात बसल्यासारखं झालं.

"शेवटचं सांगू नकोस," हे मराठीत पुटपुटले. "सांग, तिनं आपली आपण शोधून काढली. आपण घरची माणसं आहोत ग."

घरची माणसं! हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मी अधिकाऱ्याकडे वळले आणि सगळं सांगितलं. किल्ली त्यांनी स्वतः दाखवली, का दाखवली, आणि बायकोचा भरवसा नाही हेसुद्धा. माझं इंग्रजी इतकं सरळ कधीच आलं नव्हतं.

"आणि तुम्हाला, मॅडम? तुम्हाला माहीत होती जागा?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"असंच असायला हवं," तो म्हणाला. त्या घरात माझं कौतुक झालं ते तेवढंच.

त्यानं माळ काढून चौरंगावर नीट ठेवली. कुंकू पुसलं नाही, तशीच बंदूक घेऊन गेला. हे त्याच्यामागे फाटकापर्यंत आपले हक्क सांगत गेले, अपील, कोर्ट, काय काय. तो प्रत्येक वाक्याला "येस, सर" म्हणत होता, अगदी तोच 'सर'. पुढे परवाना रद्द झाला. वकिलानं कागद बघून सांगितलं, अपिलाच्या फंदात पडू नका.

मग उरली आई. "तू माझं वाटोळं केलंस," असं त्यांनी तिला, तिच्या हातात कुंकवाची डबी असतानाच, सांगितलं आणि त्यानंतर काहीच सांगितलं नाही. तिकीट अलीकडचं करून घेतलं. विमानतळावर हे गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. सासूबाईंनी व्हीलचेअरवरून माझा हात धरला. "माझं काय चुकलं ग?" इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा काही खोच न मारता विचारलं होतं. मला कीव यायला हवी होती. नाही आली. "कायदा आहे, आई," मी म्हटलं आणि हात सोडवून घेतला.

त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन येऊ लागला. तो आहे का? हे समोरच्या खुर्चीतून हातानं नाही म्हणायचे, मी 'बाहेर गेलेत' म्हणायचे. थंडीभर असंच चाललं.

मग एका रविवारी सकाळी यांनी माझ्या चहाच्या कपाशेजारी ती किल्ली आणून ठेवली. मी ती त्याआधी कधी पाहिली नव्हती. एवढीशी होती. "घे," ते म्हणाले. "आता तुला माहीत असली तरी चालेल."

रिकाम्या कपाटाची किल्ली! मी तिला हात लावला नाही. स्वयंपाकघरातला दिवा बंद केला आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसले. तेवढ्यात फोन वाजला.

"तो आहे का ग?"

यांचा हात ठरल्याप्रमाणे हलला.

"आहेत," मी म्हटलं. "समोरच बसलेत. तुमच्याशी बोलायचं नाही म्हणतात."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणी परकीच बाई आहे.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "जेवला का तो?"

"नाही," मी म्हटलं. "आज मी काही केलेलं नाही."