मिंगेलची द्राक्षं

मिंगेल गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळेऱ्याच्या नाक्यावर देवगडच्या एसटीची वाट बघत होतो. मासे साफ करताना तळहाताला काटा लागल्याचं निमित्त, त्यात रक्तातली साखर वाढलेली, आणि आठ-दहा दिवसांत अंगभर तोच जंतू पसरला, जो त्यानं तीस वर्षं आपल्या छोट्या लॅबमध्ये लोकांच्या गळवांतून शोधून काढला होता. दफनाच्या दिवशी त्याची बायको, रोझावहिनी, मला बाजूला घेऊन म्हणाल्या की त्याचा मायक्रोस्कोप घेऊन जा, नाहीतर मी तो खाडीत टाकीन. मी हो म्हटलं खरं. मला तरी तो कुठे नजरेसमोर हवा होता?

गोव्याच्या सेमिनरीत दोन-तीन वर्षं काढून मिंगेल पाद्री न होताच परतला होता. येताना थोडी ग्रीक मात्र घेऊन आला. मी शाळेत मराठी शिकवणारा, त्यामुळे ती ऐकवायला त्याला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. एकदा मांडीला गळू झालेल्या एका म्हातारीच्या रिपोर्टात ‘स्टॅफ’, म्हणजे स्टॅफिलोकोकस हा जंतू, निघाला. आपल्याकडे नर्सबाईंना स्टाफ म्हणतात, त्यामुळे दवाखान्यातल्या बायांचा रोग आपल्याला चिकटला अशी तिची पक्की समजूत झाली आणि ती कुणाला मलमपट्टी करू देईना. मिंगेलनं तिला स्टुलावर बसवलं, मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं आणि म्हणाला, ही बघ द्राक्षं. मी तर द्राक्षं खाल्लीच नाहीत, असं ती कुरकुरली खरी, पण पट्टी करून घेतली.

तिच्यामागून मी डोळा लावला. जांभळे गोल दाणे, एकाला एक बिलगलेले, हुबेहूब घड... आमच्या तांबड्या मातीत द्राक्षं होत नाहीत, ती घाटावरून येतात. आणि इथे तर ती एका म्हातारीच्या पुवात लगडलेली! ‘स्टॅफिली’ म्हणजे द्राक्षांचा घड, ‘कोकस’ म्हणजे दाणा, मिंगेल सांगत होता. पडजीभ सुजली की देठाला लोंबणाऱ्या द्राक्षासारखी दिसते, म्हणून जुने ग्रीक वैद्य तिलाही स्टॅफिली म्हणत. उच्चारातला आघात जरा सरकवला की तोच शब्द गवंड्याच्या ओळंब्याचा. मी विचारलं, पण मुळात हा शब्द आला कुठून?

“नक्की कोणाकच माहीत नाय रे,” तो हळूच म्हणाला. “ग्रीकांच्या आधी थंय जी माणसां रवत होती, तेंचो असतलो. ती माणसां गेली, तेंची भाषा गेली... शब्द मात्र माझ्या रिपोर्टात इलो.”

जन्मभर मुलांना व्युत्पत्ती शिकवली, पण शब्दापुढे इतकं लहान मला कधी वाटलं नव्हतं.

त्याच घडांवरून, तो शेवटचा हॉस्पिटलात असताना, मी त्याच्यावर चिडलो. त्याच्या रक्तातही स्टॅफ निघाल्याचा रिपोर्ट मी वाचून दाखवत होतो आणि हा पठ्ठ्या विचारत होता, घड बरे दिसतायत का? मी उठून बाहेर गेलो. तीच आमची शेवटची भेट. त्याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात मायक्रोस्कोप आणायला खारेपाटणला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी तो पेटीत भरून ठेवला होता. मी उचलणार तोच त्यांनी विचारलं, त्याला मारलं ते यात दिसतं का? मिंगेलच्या कपाटात जंतू रंगवलेल्या जुन्या काचा होत्या. त्यातली स्टॅफची एक लावली, त्यानं शिकवलं होतं तसा तेलाचा थेंब टाकला आणि बाजूला झालो. तीस वर्षांत त्यांनी कधी यात डोकावलं नव्हतं.

त्या बराच वेळ वाकून होत्या. मला वाटलं, रडतायत.

“म्हणान तेका घराक येऊक उशीर होय,” डोळा न काढता त्या म्हणाल्या. “आता तू जा. ह्यो हयच रवांदे.”