बुवांची चाल

कारखान्यात तिला सगळे भोंगा म्हणत. शिलाईयंत्रांच्या खडखडाटातही तिने कापायच्या टेबलावरून हाक मारली, की पार शेवटच्या रांगेतली बाई मान वर करायची. फोनवर अनोळखी माणूस हमखास "हां साहेब" म्हणायचा. "साहेब बाहेर गेलेत, बाईसाहेब बोलतायत," असं म्हणून ती हसण्यावारी न्यायची. पण शाळेत गाण्याच्या बाई म्हणाल्या होत्या, "तू आपली नुसते ओठ हलव हो." ते मात्र तिला आजवर हसण्यावारी नेता आलं नव्हतं.

घराला रंग काढला तेव्हा माळ्यावरून सासऱ्यांचा रेकॉर्ड प्लेअर आणि तबकड्यांचा ढीग खाली आला. सासरे जन्मभर शिंपीकाम केलेले. प्लेअरवरचं तबकडी फिरण्याची चाल बदलायचं बटण फार पूर्वी सैल होऊन घसरायला लागलं, तेव्हा त्यांनी काजाच्या दोऱ्याने आवळून ते मोठ्या तबकड्यांच्या चालीवर पक्कं करून टाकलं होतं. शिंप्याची गाठ ती, सुटते कशाला!

त्या ढिगात एकच तबकडी छोटी होती. बटण बांधल्यानंतर कधीतरी भंगारातून उचललेली, गायकाचं नाव पुसून गेलेली. पण आवाज काय! खर्जातला, भरदार, कसलीच घाई नसलेला. सासरे त्याला बुवा म्हणत.

"ऐक सूनबाई, बुवा कसे निवांत घेतात. नाहीतर हल्लीचे, बस चुकल्यासारखे गातात मेले."

सूनबाई मोज्यांच्या जोड्या लावता लावता थांबलीच. जुनी गाणी म्हणजे रडगाणी असं तिचं ठाम मत होतं. आणि हे गाणं तर तिच्या गळ्याला माप घेऊन बेतल्यासारखं बसत होतं. ती बुवांबरोबर गायला लागली. मुलगी गृहपाठातून डोकं वर काढून चुका काढायची.

"आई, बुवा इथे श्वास घेत नाहीत. तू घेतलास."

"घेऊ दे गं, मरू का?"

पण दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर चादर वाळत घालताना पहिल्या चिमट्याला ओळ सुरू, शेवटच्या चिमट्यापर्यंत ती तुटू द्यायची नाही, असा तिने नेमच धरला. ते जमलं, तेव्हा कारखान्याच्या स्नेहसंमेलनात तिने गाण्यासाठी नाव देऊन टाकलं.

"तू? गाणार?" नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"मी. गाणार. आणि भाजी संपव."

संमेलन तोंडावर आलं आणि प्लेअरची सुई गेली. दुरुस्तीवाला घरी आला. सुई बदलली, बटणावरचा दोरा पाहून हसला आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत पात्याने कापून मोकळा झाला. "छोट्या तबकडीची चाल जलद असते, आजोबा. आता ऐका."

गाणं टुणकन उडी मारून बाहेर आलं. बारीक, लाडिक, खळाळता आवाज. बुवा नव्हतेच ते. बाई होती!

मुलगी पोट धरून लोळली. नवरा हसून हसून ठसकला. सासरे दुरुस्तीवाल्यावर भडकले, "माझ्या बुवांची बाई केलीस रे!"

ती तेवढी हसली नाही. इतक्या वर्षांत एक गळा आपल्यासारखा सापडला होता, तोही खोटा निघाला.

"नाव काढून घे हवं तर," नवरा समजुतीने म्हणाला.

"का म्हणून?" ती म्हणाली.

तालमीला गोदामातले कारकून पेटी घेऊन बसले होते. हे गाणं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मूळ बाईंचा सूर धरला. पहिल्याच ओळीला तिचा आवाज चिरकला. त्यांनी पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच.

"सवयीने होईल, वहिनी. जरा वर चढा."

"मी चढणार नाही. तुम्ही उतरा."

"इतक्या खाली हे गाणं कुणी गात नाही हो!"

"आमच्या घरी गातात. आणि घाई करायची नाही."

कारकून मान हलवत पेटीवर खाली उतरले. तिने ओळ घेतली ती थेट शेवटपर्यंत नेली. ते पट्ट्यांवरचं बोट तसंच दाबून तिच्याकडे बघत राहिले. "इतक्या संथ लयीत मूळ बाईंनासुद्धा मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागेल, वहिनी."

"घेऊ दे बिचारीला," ती म्हणाली.

संमेलनाच्या दिवशी ती माईकसमोर उभी राहिली. पुढच्या रांगेत घरचे बसले होते, मागे अख्खा कारखाना. तिने सूर लावला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, भोंगा झाला, चला घरी!" हास्याची मोठी लाट उठली. तिचे कान तापले. पण ओळ सुरू झाली होती, आणि मध्ये थांबायची सवय तिला राहिली नव्हती.

हसणाऱ्यांचा दम संपला. ओळ अजून चालूच होती.