पडद्यावरच्या बायकांना झमकूबाई भेटली

रीळ अर्ध्यावर आलं होतं आणि तंबूत कुणीतरी मोठ्यानं रडायला लागलं.

मी पडद्याच्या डाव्या अंगाला स्टुलावर उभा होतो. हातात वेताची छडी, पायाशी पितळी घंटा. चित्रपट तेव्हा मुके होते. मध्येमध्ये पडद्यावर इंग्रजी पाट्या येत. त्या वाचून लोकांना त्यांच्या भाषेत सांगायच्या आणि पाटी नसेल तिथं पदरचं घालायचं, हे माझं काम. बीडच्या आसपास लोक मला सांग्या म्हणत. मिशनच्या शाळेतलं इंग्रजी असं पोटाला लागेल, हे पाद्रीसाहेबाच्याही स्वप्नात आलं नसेल.

त्या दिवशी आमचा तंबू मांजरसुंब्याच्या बाजारात लागला होता. पुढं खुर्चीवर अमीनसाहेब, म्हणजे निजामाच्या राज्यातले फौजदार. मागं जमिनीवर गावकरी. एका कडेला पाली गावाकडच्या तांड्यावरून आलेल्या बंजारा बायका, आरशांच्या ओढण्या सावरत बसलेल्या. चित्रपट अमेरिकेचा होता.

अमेरिकेचे चित्रपट सांगून सांगून मला त्यांची एक खोड कळली होती. तिथं ज्यांचं काही चालत नाही, अशा प्रत्येक जातीला चित्रपटवाल्यांनी एकेक काम नेमून दिलं होतं. काळा माणूस आला की त्यानं डोळे फिरवून घाबरायचं आणि आपण हसायचं. चिनी आला की लांब वेणी आणि अंधारी खोली. हिंदुस्थानी आला की साप आलाच. मी जन्मभर या माळांवर हिंडलो, पण त्यांच्या एका रिळात दिसले तेवढे साप मला कधी दिसले नाहीत. आणि ज्यांचा तो मुलूख मुळात होता, ते लोक डोक्याला पिसं लावून टेकडीमागून ओरडत यायचे आणि मरायचे. तेही बहुतेक रंग फासलेले गोरेच. ही माणसं जेवतात कधी, पोरांना निजवतं कोण, हे काही दाखवत नसत. मला फार वाटे, यांचं घर एकदा बघायला मिळावं.

या चित्रपटात तसा एक तुकडा होता. त्या लोकांचा मुक्काम हलतो. बायका पाठीवर बोचकी घेऊन, पोरं काखोटीला मारून, माळावरून ओळीनं थेट आपल्याकडं चालत येतात. मागून घोडी सामान ओढत असतात. कुणी ओरडत नाही. त्या बायका खऱ्या होत्या. रंग फासून तसं चालता येत नाही. त्यानंतर लगेच पाटी येई की या रानटी लोकांनी मुलखाला जाच केला आहे. मग शिपाई येत आणि सगळ्यांना कापून काढत. तिथं हमखास टाळ्या पडत.

त्या बायका चालत येऊ लागल्या आणि इकडं झमकूबाई उभी राहिली. तिचं नाव मला नंतर कळलं. केस पिकलेले, दोन्ही हात पडद्याकडं पसरलेले. तिच्या रडण्याला चाल होती, शब्द होते. आमच्या गावाशेजारी तांडा होता, म्हणून मी ते रडणं ओळखलं. बंजारा बाया खूप दिवसांनी माहेरच्या माणसाला भेटल्या की गळ्यात पडून असं रडतात. ताटातूट झाल्यापासून कोण गेलं, कोण जन्मलं, सगळं त्या रडण्यात सांगतात. भेट पुरी होईपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नसतं. ती अर्धी राहणं वाईट.

अमीनसाहेब मागं वळले. "ये क्या तमाशा है? कोई मर गया क्या?"

"जी नहीं. मुलाकात हो रही है."

"किससे?"

मी छडी पडद्याकडं केली. दुसरं काय सांगणार?

पण मुलाकातीला वेळ कुठं होता? पडद्यावरच्या बायका आता दिसेनाशा होणार, मग शिपाई येणार आणि झमकूबाईच्या डोळ्यांदेखत तिच्या पाव्हण्या मारणार. चित्र जागेवर थांबवताही येत नसे. दिव्याच्या आचेनं रीळ भक्कन पेटे. दिव्यावर झाकण टाकायचं आणि मगच यंत्राचा दांडा सोडायचा, एवढाच इलाज. घंटा दोनदा वाजली की मालकानं तसं करायचं, अशी आमची खूण होती.

मी घंटा दोनदा वाजवली.

तंबूत अंधार झाला. रडणं चालूच राहिलं. आमचे मालक बापूशेठ दांडा स्वतःच फिरवत. ते चाचपडत माझ्यापर्यंत आले.

"कामून थांबवलं रे?"

"रीळ मागं घ्या. तेवढा तुकडा पुन्हा लावा."

"याड लागलं का तुला? अमीनसाहेब म्होरं बसलेत. परवाना त्यांच्या हातात हाय. उद्या तंबू उठवला म्हंजी खाशील काय?"

"तिच्यासमोर तिची माणसं मारायची का?"

"तिची माणसं? ती अमेरिकेची हायेत."

"ते तिला जाऊन सांगा."

बापूशेठ गेले नाहीत. अंधारातून अमीनसाहेबांचाच आवाज आला. "वो औरत बोल क्या रही है?"

सांगणं माझं कामच. मला कळत होतं तेवढं सांगत गेलो. बहिणी, तुला तेलंगणात दिली. आपले बैल मीठ घेऊन तिकडं यायचे, म्हणून दिली. मग मीठ आगगाडीत बसून गेलं. बैल विकले, वाट बंद झाली. आई जाताना तुझंच नाव घेत होती. मी म्हातारी झाले, मला ओळखशील का?

पुढचे शब्द मला कळेनात, म्हणून थांबलो. अमीनसाहेबही कुठून तरी लांबून बदली होऊन आलेले होते.

"चलाओ," ते म्हणाले. "वही टुकडा."

"रीळ तुटलं तर तुज्या बोडक्यावर," असं पुटपुटत बापूशेठ यंत्राकडं गेले. पण त्या माणसानं काय करावं? दांडा हळू फिरवला. दांडा हळू फिरला की पडद्यावरची माणसंही हळू चालतात. त्या बायका सावकाश, खूप लांबून आल्यासारख्या चालत आल्या. तांड्यावरच्या सगळ्या जणी उठून उभ्या राहिल्या. मी एक शब्द बोललो नाही. तुकडा संपता संपता झमकूबाईनं ओढणीनं तोंड पुसलं. मी पुन्हा घंटा दोनदा वाजवली.

ती माझ्याजवळ आली. "ती आमची न्हाईत, येवढं कळतंय मला. पर माजी बहीण आशीच चालत गेलती. म्होरं काय व्हतंय यांचं?"

"म्होरल्या मुक्कामाला जातात."

"मंग आमी बी निघतो." ती वळली, पुन्हा थांबली. "तुजी त्यांची गाठ पडली तर सांग, झमकू पालीकडच्या तांड्यावर हाय. बैल इकलेत. आता कुठं जात न्हाई."

"सांगतो," मी म्हणालो.

त्या सगळ्या ओळीनं बाहेर गेल्या. मग आम्ही राहिलेला चित्रपट लावला. ती रानटी लोकांची पाटी मी वाचली नाही. न वाचताही टाळ्या पडल्याच. परवाना शाबूत राहिला. पुढच्या गावांतही बापूशेठ त्या तुकड्याला दांडा हळू फिरवत.

हंगाम संपल्यावर रीळ डब्यात घालून हैदराबादच्या एजंटाकडं परत गेलं. ते पुन्हा आमच्याकडं आलं नाही. त्या बायका एकदा भेटाव्यात असं मला अजून फार वाटतं. डबा बांधताना चिठ्ठी घालायचंही मनात आलं होतं. पण डब्यावर पत्ता कंपनीचा होता. त्या बायकांचा पत्ता कुणी लिहून ठेवला नव्हता. या धंद्यात मी एवढंच शिकलो की चित्रं तिकडून इकडं येतात. इकडचा निरोप तिकडं न्यायची सोय कुणी केलेली नाही.