आत्यांचा वरचा मजला

टेकडीवर त्यांना सगळे आत्याच म्हणत. भावाची मुलं म्हणत म्हणून शेजारी म्हणू लागले, शेजारी म्हणत म्हणून पोस्टमन. आत्यांचं लग्न झालं नव्हतं, पण मतं होती, आणि ती त्यांनी लेकरांसारखी जपली होती. थोरलं मत असं की माणसं इथूनतिथून सगळी सारखीच. धाकटं असं की राजकारण हा भल्या माणसांचा उद्योग नव्हे.

धाकट्या मताला एक कारण होतं, पण ते जमिनीखाली असल्यामुळे आत्यांना कधी दिसलं नाही. त्यांचे वडील पाणीखात्यात मुख्य अभियंता होते. त्यांनी शहराची मोठी जलवाहिनी टाकली तेव्हा तिचा पहिला फाटा, कसा कोण जाणे, टेकडीकडे वळला. पायथ्याच्या वस्तीला उरलंसुरलं. आत्यांच्या घरी जन्मापासून नळ सोडला की पाणी. अशा घरातल्या माणसाला नगरसेवकाचं नाव ठाऊक असायची गरज पडत नाही. आत्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि त्याचा त्यांना जरासा अभिमानच होता.

नोकरीभर त्यांनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. जगातल्या नद्या तोंडपाठ. टेकडीखालचा नाला मात्र मोटारीच्या काचेतून पाहिलेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी टेकडीच्या सभागृहाची समिती हातात घेतली. समितीत त्या, त्यांचे दादा म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर, वहिनी, वहिनींचा मावसभाऊ आणि त्या मावसभावाचे व्याही. वैविध्य म्हणाल तर मावसभाऊ डावखुरा होता.

सगळं सुरळीत चाललं असताना नगरपालिकेचा माणूस येऊन सांगून गेला, की सभागृह सार्वजनिक जागेवर आहे. समितीत पायथ्याचंही कुणी घ्या, नाहीतर किल्ल्या परत करा.

"पण आपण कुणाला अडवलंय?" दादा दुखावले. "कुणी येतच नाही, त्याला आपण काय करणार!"

"दादा, मला तर हे फार आवडलं," आत्या म्हणाल्या. "मी कधीची म्हणतेय, सगळ्यांना सामावून घेतलं पाहिजे."

आता सामावून कुणाला घ्यायचं? पायथ्याचा एकच चेहरा आत्यांच्या ओळखीचा होता: लाँड्रीवाल्या बाईंचा. टेकडीवरच्या चादरी, पडदे, दादांचे पांढरे कोट, सगळं त्यांच्याच दुकानातून धुऊन, इस्त्री होऊन यायचं. आत्या स्वतः जाऊन आमंत्रण देऊन आल्या. 'बिचारी किती हरखली असेल,' असं त्यांना परतताना वाटलं.

लाँड्रीबाई कुठल्याच बाजूने बिचाऱ्या नव्हत्या. पहिल्याच सभेला त्या वेळेआधी आल्या, अध्यक्षांची खुर्ची बसायला बरी म्हणून तिच्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "बरं, तुमच्यात कोण कुठल्या पक्षाचं?"

वहिनींनी चहाचा कप बशीत ठेवून दिला.

"आम्ही इथे राजकारण करत नाही," आत्या हसून म्हणाल्या.

"नाही करत? मग चालतं कसं तुमचं? आमच्याकडे राजकारण केलं नाही तर आंघोळ होत नाही!"

आत्यांना हा विनोद वाटला. त्यांनी घाईने आपला ठराव पुढे ठेवला. नदीपलीकडून नवी माणसं शहरात येत होती, वेगळ्या बोलीची, वेगळ्या चालीरीतींची. त्यांना रविवारी गाण्याबजावण्यासाठी सभागृह द्यावं, असा ठराव. आत्यांनी छोटंसं भाषण केलं. माणसं सारखीच, मन मोठं हवं, दारं उघडी हवीत. बोलताना त्या अधूनमधून लाँड्रीबाईंकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहत होत्या.

"माझा विरोध," लाँड्रीबाई म्हणाल्या.

"तुमचा?" आत्यांचा चष्मा नाकावरून घसरला. "तुम्ही असं म्हणावं?"

"का, आम्ही म्हणू नये? आमच्या गल्लीत नळ एक, त्यावर आधीच अर्धी वस्ती, आणि येणारा प्रत्येक नवा माणूस तिथेच येऊन राहतो. तुमच्या टेकडीवर एक तरी आला का? मन मोठं ठेवायला आधी जागा लागते, आत्या."

"जागा करायची असते! मला तर उद्या कुणी विचारलं तर..."

"तुमचा वरचा मजला रिकामाच आहे की," लाँड्रीबाई म्हणाल्या.

व्याह्यांना एकदम ठसका लागला. वहिनी खिडकीबाहेर बघू लागल्या. आत्यांचा चेहरा लाल झाला. "आहे ना! पाठवा कुणालाही!" त्या तावातावाने म्हणाल्या आणि ठराव पुढच्या सभेवर गेला.

सभ्य लोकांत असं काही बोललं की ते तिथेच सोडून द्यायचं असतं. लाँड्रीबाईंना ही रीत माहीत नव्हती. दुसऱ्याच दिवशी आत्यांच्या दारात हातगाडी उभी राहिली. गाडीवर दोन गाद्या, भांड्यांची पेटी, चार-पाच मोडकी शिवणयंत्रं आणि त्यांच्या मधोमध राणीसारखी बसलेली एक म्हातारी. गाडी ओढत होती तिची सून. शिवणयंत्रं दुरुस्त करणं हा तिचा धंदा. तिला मोडकंतोडकं बोलता यायचं. सासूला तेवढंही नाही.

दिलेला शब्द फिरवणं आत्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी जिना दाखवला.

पहिला आठवडा त्या सगळ्यांना हौसेने सांगत होत्या, "माझ्याकडे ना, नदीपलीकडचं कुटुंब राहतं!" दुसऱ्या आठवड्यात सांगणं कमी झालं. वर सकाळपासून यंत्रांची खडखड. दुपारी लसणाचा असा वास, की खालचे पडदेसुद्धा जेवल्यासारखे वाटत. जिन्यावर चपलांचा बाजार. तिसऱ्या आठवड्यात आत्यांच्या तोंडून "ही माणसं" हे दोन शब्द निघाले, आणि त्या स्वतःच दचकल्या.

शेवटी त्या लाँड्रीत गेल्या. लाँड्रीबाई वाफेच्या इस्त्रीखाली दादांचा कोट घालत होत्या.

"मी त्यांच्याच भल्यासाठी म्हणते," आत्यांनी सुरुवात केली. "आपल्या माणसांत राहिली तर त्यांना जास्त मोकळं वाटेल, नाही का? टेकडी चढायची, उतरायची..."

"वास येतो?" लाँड्रीबाईंनी विचारलं.

"वासाचा प्रश्न नाही हो."

"आवाज होतो?"

"थोडा. म्हणजे तसा बराच."

लाँड्रीबाईंनी कोट उलटा केला. "मी सभेत तेवढंच म्हणाले, तर तुम्ही माझ्याकडे कसं बघितलंत! मी काय माणसात नव्हते?"

वाफेमुळे आत्यांचा चष्मा धुरकटला होता तेच बरं.

"मी नाही हलवायची त्यांना," लाँड्रीबाई म्हणाल्या. "गल्लीत पाणी अजून तेवढंच आहे."

त्या संध्याकाळी आत्या तणतणत जिना चढल्या. चपलांबद्दल दोन शब्द सुनावायचे होते. सून दुरुस्त केलेली यंत्रं पोचवायला गेली होती. म्हातारी एकटीच पत्ते पिसत बसली होती. तिने आत्यांकडे पाहिलं, समोरच्या गादीवर हात आपटला आणि पानं वाटायला घेतली. भांडायला भाषा नव्हती, म्हणून आत्या बसल्या.

पहिला डाव हरल्या. दुसरा हरल्या. तिसऱ्याला त्यांच्या लक्षात आलं, की म्हातारीच्या मांडीखाली बदामाचा राजा दडलाय. आत्यांनी तिचं मनगट धरलं. म्हातारी जराही ओशाळली नाही. उलट बोळकं पसरून अशी हसली, की जणू आत्यांनीच कमाल केली. टेकडीवर दर गुरुवारी पत्ते व्हायचे, पण तिथे कुणी कधी फसवलं नव्हतं, कारण जिंकायची कुणाला एवढी आसच नव्हती. आत्या रात्रीचं जेवण विसरल्या. दुसऱ्या दिवशी त्या पदराखाली चौकटची राणी घेऊनच वर गेल्या.

"माणसं सगळी सारखीच असतात, नाही?" एकदा वहिनी सहज म्हणाल्या.

"छे!" आत्या म्हणाल्या. "काहीतरीच काय! वरच्या म्हातारीसारखी लबाड बाई मी जन्मात पाहिली नाही."

पुढची सभा जवळ आली तशा आत्या घरोघर फिरू लागल्या. व्याह्यांच्या फाटकासमोर दादांची मोटार उभी असायची, ती यापुढे नसेल असं त्यांनी सांगून टाकलं. वहिनींना सभागृहातल्या पडद्यांचा रंग निवडू दिला. मावसभाऊ तर पूर्वी कधी कुणी काही विचारलंच नव्हतं म्हणून नुसत्या विचारण्यानेच विरघळला. मतं पडली तेव्हा चार बाजूने, दोन विरोधात. विरोधात लाँड्रीबाई आणि दादा. दोघांनीही एकमेकांकडे फार संशयाने पाहिलं.

बाहेर पडताना लाँड्रीबाईंनी आत्यांना कोपऱ्यात गाठलं. "घरोघर जाऊन हे जे केलंत, त्याला काय म्हणतात माहीत आहे ना?"

"गाठीभेटी," आत्या म्हणाल्या आणि भराभरा पुढे झाल्या.

पहिल्या रविवारी नदीपलीकडची माणसं सभागृहात जमली. आत्या पुढच्या रांगेत, शेजारी म्हातारी. गाणं दुपारी सुरू झालं आणि उन्हं कलली तरी थांबेना. एकच ओळ सगळे मिळून गायचे, मग तीच ओळ आणखी मोठ्याने. आत्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कानांना अजून दडे बसलेले होते. लाँड्रीबाई फाटकाशी उभ्या होत्या, धुतलेल्या चादरींचं गाठोडं कमरेवर घेऊन.

"कसं झालं?"

"भयंकर," आत्या म्हणाल्या. "डोकं फुटायची वेळ आली."

"मग करायचं बंद? आता माझं आणि दादांचं मत आहेच."

"बंद का म्हणून? दादा नाही का गात दरवर्षी इथल्याच समारंभात? तेव्हा कुणी ठराव आणला होता?"

लाँड्रीबाईंनी दादांचं गाणं ऐकलं होतं. पायथ्यापर्यंत ऐकू जायचं. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं आणि रस्त्यातच खो खो हसत सुटल्या.