दोनशे घरांतलं पुस्तक

वाचनसंस्कृतीवर भाषण ठोकणारा माणूस दिसला की माझं टाळकं सरकतं. का ते सांगतो.

सोनईत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, आणि वर्षाकाठी एखादं पुस्तक. आमच्याकडच्या लिहिणाऱ्याला प्रकाशक दारात उभा करत नाही, मग तो माझ्याकडं येतो आणि पदरमोड करून स्वतःच छापतो. सत्यशीलाबाई तशाच आल्या. अंगणवाडीतून निवृत्त, बौद्धवाड्यात एकट्या राहणाऱ्या. सहा वह्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, आईचं आयुष्य आहे, काना-मात्रा सांभाळा.

आई म्हणजे मनकर्णा. टाइप करता करता मी बेचाळिसाव्या पानावर थांबलो. पन्नास वर्षांपूर्वी बाईंचा धाकटा भाऊ, चार वर्षांचा शुद्धोधन, तापानं फणफणला होता. नगरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मनकर्णा ज्यांच्या रानात खुरपायची त्या रंगनाथ पाटलांच्या दारात ती पोराला घेऊन उभी राहिली. जीप दारातच होती. पाटील म्हणाले, जीप बाटंल. पोरगं बैलगाडीत, घोडेगावच्या अलीकडंच गेलं.

मी टाइप करत होतो तेव्हा पाटील हयात होते. माझी तंतरली. निदान नाव तरी बदला म्हणालो.

"मच्छिंद्रभाऊ, नाव बदलायचं असतं तर लिहिलंच कशाला असतं?"

पाटलांच्या घरातल्या कुणीतरी, नाहीतर गावातल्या कुणीतरी, एकदा म्हणावं की हे वाईट झालं. एवढ्यासाठी बाईंनी दहा वर्षं वह्या भरल्या होत्या. मी नाव तसंच ठेवलं.

पुस्तक निघालं आणि बाईंची फरफट सुरू झाली. पिशवीत प्रती घालून त्या शाळा, वाचनालयं, नगरची संमेलनं हिंडल्या. लोक पुस्तक हातात धरून फोटो काढायचे, ग्रुपवर टाकायचे, खाली अंगठे पडायचे आणि पुस्तक बाईंच्या हातात परत यायचं. एका ग्रंथपालानं तर ते काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं, खराब होऊ नये म्हणून. धन्य आहे बाबा!

पुढं पाटील वारले. वर्षश्राद्ध जवळ आलं तसा त्यांचा मुलगा आबासाहेब दुकानात आला. पूर्वी वर्षश्राद्धाला भांडी वाटायचे, आता पुस्तकं वाटतात, पहिल्या पानावर मयताचा फोटो चिकटवून. माझ्या कपाटात बाईंच्या प्रतींची चळत होती. गावच्याच बाईंचं पुस्तक आहे म्हटल्यावर त्यानं दोनशे प्रती सांगितल्या. उघडूनसुद्धा बघितलं नाही.

मी बाईंना फोन केला. पलीकडून हुंदका आला. म्हणाल्या, वाचलं असणार हो त्यानं, माफी मागायची ही त्याची रीत असेल. त्यानं उघडलंसुद्धा नाही, हे माझ्या तोंडातून निघालं नाही. तिथंच मी माती खाल्ली. रंगनाथ पाटलांचे दोनशे फोटो मी माझ्या हातानं चिकटवले.

मांडवात बाई बायकांत पुढं बसल्या होत्या, मांडीवर पुस्तक. आबासाहेबानं माइक घेतला. वाचनसंस्कृती जपली पाहिजे म्हणाला. मग वडिलांबद्दल बोलला. आण्णांची जीप म्हणजे अख्ख्या गावाची ॲम्ब्युलन्स होती, म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई न जेवता उठून गेल्या.

तरी त्यांनी आशा सोडली नाही. दोनशे घरांत गेलंय, कुणीतरी उघडेलच. महिना गेला. मी पेपर टाकणाऱ्यापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांना आडून आडून विचारलं. फोटो झकास आलाय, एवढंच जो तो म्हणाला. माझा नुसता संताप संताप झाला.

मग आबासाहेब परत दुकानात आला. पाहुण्यांकडून मागणी होती, आणखी पन्नास हवी होती. बाई उरलेल्या प्रती न्यायला नेमक्या तिथंच बसलेल्या. त्या उठल्या, वरचीच प्रत घेतली आणि बेचाळिसावं पान त्याच्यासमोर वाचून दाखवलं. रंगनाथ पाटलांचं नाव त्यांनी स्पष्ट उच्चारलं.

आबासाहेबाचा चेहरा उतरला.

"ह्ये समद्या दोनशे पुस्तकांत हाय?"

"सगळ्यांत."

तो मनात घरं मोजत असावा. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"म्हयना झाला, बाई. मला येक फोन आला न्हाई," तो म्हणाला, आणि बाईंनाच धीर देत असल्यासारखा पुढं म्हणाला, "मंग काय काळजी न्हाई. कोन वाचतंय."

बाईंनी पुस्तक मिटलं. त्याच्या तोंडावर फेकायला मी वाचणाऱ्या एका तरी माणसाचं नाव शोधत होतो. मला एकही सापडलं नाही.